११८(१) लागलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. एफआयआरचं पहिलं पान, तिरकं काढलेलं, कोपरा अंगठ्याखाली झाकलेला. पाठोपाठ फोन. "वकीलसाहेब, दादावर केस झालीय. एकशे अठरा, एकशे पंधरा, तीनशे बावन्न, तीनशे एक्कावन्न आणि तीनचं पाच. पाच कलमं लावलीत हो. किती वर्षं बसावं लागेल?"

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला असा फोन नवा नाही. मागे बहुतेक वेळा बांध असतो. चुलतभावाने बांध कोरला, याने जाब विचारला, शिव्या झाल्या, खोऱ्याचा दांडा हातात आला आणि एकाच्या डोक्याला चार टाके पडले. (नाव-गाव मी मुद्दाम घातलेलं नाही. अशा दहा केसेस एकत्र केल्या की ही एक होते.) हीच केस धरून पुढे जाऊ. खुनाच्या केसेस वर्तमानपत्रात वाचायला मिळतात, पण साध्या माणसाच्या दारात पोलीस येतात ते मारहाण, फसवणूक, चेक, अपघात किंवा घरातलं भांडण यांसाठी.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. गुन्हे बरेचसे तेच आहेत, घरांचे नंबर बदलले. ३२४ चं ११८(१) झालं, ३२३ चं ११५(२), ५०४ चं ३५२, ४२० चं ३१८(४), ४९८अ चं ८५. लोकांच्या तोंडी मात्र 'चारसोवीस'च राहणार. कुणाला 'तीनशे अठरा' म्हणून शिवी देता येत नाही. ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच, की घटना ३० जून २०२४ पर्यंतची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या संहितेचंच लागतं. म्हणून एफआयआर वाचताना आकड्याच्या आधी घटनेची तारीख बघायची.

पाचांतलं खरं कलम एकच

आता दादाची पाच कलमं सोडवू. ३(५) हा गुन्हाच नाही. जुनं ३४ ते हेच. दोघातिघांनी एकाच इराद्याने काही केलं तर प्रत्येकाला सगळ्या कृत्यासाठी जबाबदार धरता येतं, एवढंच ते सांगतं. घरातल्या चौघांची नावं फिर्यादीत घालायची असली की हे कलम येतंच. ११५(२) म्हणजे साधी इजा, जास्तीत जास्त एक वर्ष. ३५२ म्हणजे शांतता बिघडेल अशा रीतीने मुद्दाम केलेला अपमान, आपल्या भाषेत शिवीगाळ. ३५१(२) म्हणजे धमकी. या दोन्हींना दोन वर्षांपर्यंत. ही तिन्ही कलमं जामीनपात्र आहेत.

उरलं ११८(१): घातक हत्याराने इजा. तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास सुरू करू शकतात) आणि अजामीनपात्र. सगळी केस या एका खुंटीला टांगलेली आहे. नुसती ११५(२) ची मारहाण असती तर ठाणे अंमलदाराने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली असती आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता आला नसता. पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं, की अनेक कलमांपैकी एक जरी दखलपात्र असलं तरी अख्खी केस दखलपात्र धरायची. म्हणून फिर्याद लिहिताना 'हाताने मारलं' याचं 'काठीने मारलं' होतं, आणि काठीची कधी कधी कुऱ्हाड होते. फिर्यादी दर वेळी खोटं बोलत असतो असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा त्याला खरंच काठीने मारलेलं असतं. पण त्या एका शब्दावर काय काय अवलंबून असतं ते कळलं पाहिजे.

कुठलंही कलम हे घटकांचं बनलेलं असतं. ११८(१) साठी सरकार पक्षाला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. इजा झाली. ती याच आरोपीने केली. इच्छापूर्वक केली, म्हणजे झटापटीत चुकून लागली नाही. आणि ती भोसकायच्या, कापायच्या किंवा हत्यार म्हणून वापरल्यास जीव जाऊ शकेल अशा साधनाने केली. चारातला एक घटक निखळला तरी हे कलम उभं राहत नाही. शेवटचा निखळला तर ११५(२) उरतं आणि केसचं वजनच उतरतं. खोऱ्याचा दांडा घातक हत्यार आहे का? ते त्याची जाडी, लांबी, मारलेली जागा आणि जखम यांवर ठरतं. म्हणून बचावाच्या वकिलाचे पहिले प्रश्न अगदी कोरडे असतात: दांडा जप्त झाला का? कुठून, कुणासमोर? त्याला मोहोर लावली का? डॉक्टरांना दाखवून 'या साधनाने ही जखम होऊ शकते का' असा अभिप्राय घेतला का?

वैद्यकीय दाखलाही स्वतः वाचावा. त्यात जखमेचं वय, आकार, जागा आणि 'साधी' की 'गंभीर' हे लिहिलेलं असतं. हाड मोडलं किंवा दात पडला की दुखापत गंभीर ठरते आणि कलम थेट ११७(२) वर जातं, सात वर्षांपर्यंत. तेच घातक हत्याराने झालं तर ११८(२), म्हणजे किमान एक वर्ष आणि वर जन्मठेपेपर्यंत. जुन्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद असले की दुखापत गंभीर मानत. आता पंधरा दिवस पुरतात. गंमत अशी, की हत्यार नसेल तर हाड मोडल्याचं ११७(२) जामीनपात्र आहे आणि चार टाक्यांचं ११८(१) अजामीनपात्र. कायद्याच्या परिशिष्टात अशी उलटी गणितं बरीच आहेत. म्हणून 'शिक्षा जास्त म्हणजे जामीन अवघड' हे ठोकताळे चहाच्या टपरीवर ठीक.

पोलीस दारात आल्यावर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमार निकालात बजावलं. अटकेची गरज काय ते लिहून काढायचं, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. पूर्वीची ४१अ ची नोटीस ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची. दादाच्या केसमध्ये बहुधा हीच येणार. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असंही सुप्रीम कोर्टाने २०२५ साली स्पष्ट केलं. नोटीस मिळाली की तारखेला जायचं, गेल्याची पोच घ्यायची. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. टाळणाऱ्याला करता येते. 'चार दिवस मामाच्या गावाला जाऊन राहा' हा नातेवाइकांचा लाडका सल्ला याच ठिकाणी माणसाला गोत्यात घालतो, कारण पुढे जामिनाला विरोध करताना सरकारी वकील पहिलं वाक्य तेच वाचतात: आरोपी गुन्हा घडल्यापासून फरार होता.

तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. ११८(१) ला शिक्षा 'तीन वर्षांपर्यंत', त्यामुळे हे संरक्षण त्याला पुरत नाही. पण फिर्यादीत घुसडलेल्या सत्तरीच्या वडिलांवर नुसती शिवीगाळ-धमकीची कलमं टिकत असतील, तर ते उपयोगी पडतं.

अटक झालीच तर कारणं लेखी द्यावी लागतात, नातेवाइकांना कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. कोर्टात उभं केल्यावर "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असा प्रश्न येतो. मारहाण झाली असेल तर सांगायची जागा तीच. महिनाभराने आठवलेल्या मारहाणीला फारसं वजन राहत नाही.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद एवढाच, की त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो: 'दांडा गोठ्याच्या मागे लपवलाय, काढून देतो.' म्हणून दांड्याची जागा कुणी, कुणासमोर, कशी दाखवली याचा पंचनामा पुढे बारीक चाळणीतून जातो. आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही, हे थेट राज्यघटनेच्या कलम २० मध्ये आहे. याचा अर्थ पोलीस ठाण्यात उर्मटपणे उभं राहायचं असा घेऊ नये. नाव, पत्ता, फोन नंबर नीट द्यावा, बाकीच्यासाठी "वकिलांशी बोलून लेखी म्हणणं देतो" एवढं पुरे.

जामीन

अजामीनपात्र या शब्दाने अनेक घरांची झोप उडवली आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, पोलीस ठाण्यातूनच सुटका होते, ज्याला लोक टेबल जामीन म्हणतात. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क कोर्टाच्या विवेकाकडे जातो, एवढाच फरक. ११८(१) मध्ये, आरोपीवर मागचे गुन्हे नसतील आणि जखमी माणूस घरी परतला असेल, तर जामीन सहसा होतो.

अटकेची धास्ती असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली. अटक झालीच तर मॅजिस्ट्रेटपुढे नियमित जामीन. आदेश काहीसा असा असतो: पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही. मग जामीनदाराची शोधाशोध सुरू होते. त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड. शुक्रवारी संध्याकाळी आदेश झाला आणि जामीनदार मिळाला नाही म्हणून सोमवारपर्यंत आत राहिलेले लोक मी पाहिलेत. अर्ज टाकायच्या आधीच जामीनदार कोर्टाच्या आवारात हजर ठेवावा. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही आणि सगळ्यात उपयोगाचं आहे.

आणखी एक हक्क घड्याळावर चालतो. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन द्यावाच लागतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज आणि दुपारी दोषारोपपत्र आलं तर अर्ज टिकतो. उलटं झालं तर गेला.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला लोकअभिरक्षक कार्यालय. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००. 'सरकारी म्हणजे हलका वकील' हा समज आता सोडायला हरकत नाही. रोज फक्त फौजदारीच चालवणारी ती मंडळी आहेत.

पहिल्या आठवड्यात जमवायचं ते

माझ्या मते केस जिंकली किंवा हरली जाते ती इथे, आणि इथेच सगळ्यात जास्त आळस होतो. सगळं घर जामिनाच्या मागे धावत असतं. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत नवं चित्रण जुन्यावर चढलेलं असतं.

दादालाही त्या दिवशी मार लागला होता. दंडावर वळ, बोटाला जखम. तो दवाखान्यात गेलाच नाही, हळद लावून घरी बसला. चुलतभाऊ मात्र तासाभरात ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी पोलिसांचं पत्र) घेऊन ग्रामीण रुग्णालयात पोचला. पुढे कोर्टात दादा म्हणतो, "त्यानेच आधी मारलं." कागद कुठाय? कायद्यात स्वसंरक्षणाचा पक्का अधिकार आहे, न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत तो सविस्तर सांगितलाय. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही तर ते त्यांच्या कहाणीवर संशय आणणारं ठरतं, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच सांगितलंय. पण त्यासाठी जखम कागदावर असावी लागते. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना, आणि आपली फिर्याद किंवा किमान एनसी. पोलिसांनी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी अर्ज, पावती जपून.

स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायचा की 'मी तिथे नव्हतोच' म्हणायचं, हे पहिल्याच आठवड्यात वकिलासमोर खरं सांगून ठरवावं. कायदा दोन्ही बचाव घ्यायला मनाई करत नाही, पण 'नव्हतोच, आणि असलो तरी त्याने आधी मारलं' हे ऐकून न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघवत नाही.

सीसीटीव्हीचं चित्रण मिळालं तर नुसतं मोबाइलवर घेऊन भागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, जुनं ६५ब ते. फुटेज आपल्याला मिळत नसेल तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्यायचा: अमुक दुकानाचं अमुक वेळेचं चित्रण ताब्यात घ्या. त्यांनी घेतलं नाही तर तो अर्जच पुढे उलटतपासात बोलतो.

आणि फिर्यादीला फोन करायचा नाही. 'मिटवून टाकू, कशाला वाढवतोस' हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी रेकॉर्डिंगमध्ये ते धमकीसारखं ऐकू येतं. तडजोड करायची तर मध्यस्थ घाला, वकिलांमार्फत करा.

तारखा

दोषारोपपत्र दाखल झालं की त्याच्या नकला आरोपीला मोफत मिळतात. हा गठ्ठा घरी नेऊन कपाटात ठेवायचा नसतो. फिर्याद, जबाब, पंचनामे, दाखला: एकेक घटना तारीख-वेळ लावून वहीत लिहून काढा. फिर्यादीत घटना सकाळी नऊची, दवाखान्याच्या कागदावर साडेआठची नोंद, असं काहीतरी सापडतं, आणि ते वकिलाच्या आधी घरच्यांना सापडतं, कारण त्यांना गाव माहीत असतं. गठ्ठ्यात गुन्ह्याचे घटकच दिसत नसतील तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. आता त्यालाही ६० दिवसांची मुदत आहे.

मग आरोप वाचून दाखवतात. "गुन्हा कबूल आहे का?" दारू पिऊन गाडी चालवल्याच्या किंवा किरकोळ केसमध्ये लोक 'कबूल' म्हणून दंड भरून मोकळे होतात. वेळ वाचतो, खरंय. पण ती शिक्षा असते. सरकारी नोकरीचा अर्ज आणि पोलीस पडताळणी करताना तो कागद परत समोर येतो. विशीतल्या मुलाने तरी हा शब्द वकिलाला विचारल्याशिवाय उच्चारू नये.

कबूल नाही म्हटलं की साक्षी सुरू. फौजदारी बचावाचा गाभा इथे आहे, आणि तो सिनेमातल्यासारखा अजिबात नसतो. फिर्यादी कोर्टात सांगतो, "त्याने मला खाली पाडलं, छातीवर बसला आणि दांड्याने तीन वेळा मारलं." उलटतपास असा चालतो:

"पोलिसांना जबाब दिला तेव्हा 'छातीवर बसला' हे सांगितलं होतं?"

"हो, सांगितलं होतं."

"जबाबात ते लिहिलेलं नाही. काही कारण?"

"मी सांगितलं होतं. पोलिसांनी का लिहिलं नाही, त्याचं कारण मला सांगता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात रोज ऐकू येतं, शब्दही बदलत नाहीत. त्यातून एवढंच साधतं, की मूळ जबाबात नसलेली गोष्ट नंतर वाढवली गेली. अशा वाढवलेल्या गोष्टी तीन-चार जमल्या की साक्षीचा कणा वाकतो. मग डॉक्टर येतात. "कठीण पृष्ठभागावर जोरात पडल्याने अशी जखम होऊ शकते का?" डॉक्टर प्रामाणिक असतो, म्हणतो, "होऊ शकते." मग पंच येतो आणि सांगतो की पोलिसांनी ठाण्यात बोलावून सही घेतली, दांडा मी पाहिलाच नाही. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागतात.

आरोपीला आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं लागत नाही. सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचा असतो. आरोपी गप्प बसला तरी तो त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. मात्र साक्षी संपल्यावर कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं, त्या वेळी सगळ्याला 'खोटं आहे' एवढंच म्हणत सुटू नये. बांधाचा वाद आधीपासून आहे, मोजणीचा अर्ज अमुक तारखेला केलाय, त्याचा राग आहे, हे सांगायची ती हक्काची वेळ.

या सगळ्याला वर्षं लागतात. तारखेला हजर राहता येत नसेल तर हजेरी माफीचा अर्ज द्यावा. दोन-तीन तारखा बुडवल्या की पकड वॉरंट निघतं, आणि चार टाक्यांच्या केसमध्ये माणूस दिवाळीत आत बसतो.

बाकीची नेहमीची कलमं

फसवणुकीचं ३१८(४) हे सध्या सगळ्यात जास्त ताणलं जाणारं कलम असावं. पैसे दिले, परत आले नाहीत, की लोक थेट ठाण्यात जातात. पण फसवणुकीचा जीव एका गोष्टीत आहे: पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता का? धंद्यासाठी पाच लाख घेतले, दोन वर्षं व्याज दिलं, मग धंदा बसला, ही थकबाकी झाली, तिची जागा दिवाणी कोर्टात. एकच प्लॉट तिघांना विकला, तर इरादा पहिल्या दिवसापासून दिसतो. म्हणून बचावात बँकेचा उतारा आणि दिलेल्या हप्त्यांच्या पावत्या सोन्याच्या मोलाच्या. फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमं एकाच व्यवहाराला एकत्र लावण्याची सवय पोलिसांना आहे. दोन्हींचे घटक परस्परांना छेद देतात, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं. विश्वासघातात पैसा आधी प्रामाणिकपणे सोपवलेला असतो, फसवणुकीत सुरुवातच खोटी असते.

कलम ८५, म्हणजे पती आणि सासरच्यांकडून होणारा छळ, यावर शांतपणे बोलणारा माणूस दुर्मीळ. छळ खरा असतो, आणि अनेक घरांत ती बाई फिर्यादीपर्यंत पोचतच नाही. त्याच वेळी पुण्यात राहणारी विवाहित नणंद, तिचा नवरा आणि अंथरुणाला खिळलेली आजेसासू यांची नावंही फिर्यादीत येतात. कोर्ट बघतं ते हे, की कुणी, केव्हा, काय केलं याचा नेमका उल्लेख आहे का. 'सर्वांनी मिळून शारीरिक व मानसिक छळ केला' एवढ्यावर लांबच्या नातेवाइकांना खटल्यात ओढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने वारंवार म्हटलंय. त्यांच्यासाठी हायकोर्टात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज हा मार्ग असतो. नवऱ्यासाठी तो क्वचितच चालतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. भरोसा सेलचं, म्हणजे पोलिसांच्या कौटुंबिक तक्रारींच्या कक्षाचं, बोलावणं आलं तर जावं, तिथे बरीच प्रकरणं गुन्हा दाखल होण्याआधी वळण घेतात.

चेक न वटल्याचं कलम १३८ हे न्याय संहितेत नाही, वेगळ्या कायद्यात आहे, आणि त्यात पोलीस येतच नाहीत. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार. यातली मुदत हुकली तर बचावाला आयता मुद्दा मिळतो. इथे मात्र भार उलटा असतो: चेकवर तुमची सही आहे म्हटलं की तो देण्यापोटीच दिला असं कायदा धरून चालतो, आणि 'सिक्युरिटी म्हणून कोरा दिला होता' हे तुम्हाला दाखवावं लागतं. नोटिशीला उत्तर न देणं ही यातली सगळ्यात महागडी चूक.

अपघातात माणूस दगावला तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत, जामीनपात्र. पळून गेल्यास दहा वर्षांची जी तरतूद ट्रकचालकांच्या संपामुळे गाजली, ती १०६(२) अजून अमलात आणलेली नाही. नुसता वेग सांगून हयगय सिद्ध होत नाही. घटनास्थळाचा पंचनामा, ब्रेकच्या खुणा, गाड्यांची जागा यांवर केस फिरते.

बांध

दादाची केस दीड वर्ष चालली. फिर्यादीची सरतपासणी (सरकारी वकिलाने घेतलेली साक्ष) झाली, उलटतपास अर्धा झाला आणि मध्ये एक लग्न आलं. लग्नात दोन्ही घरं एकाच मांडवात जेवली. मग मिटवायचं ठरलं. कायद्यात काही कलमं तडजोडयोग्य असतात. ११५(२) फिर्यादीच्या म्हणण्यावर मिटतं, काहींना कोर्टाची परवानगी लागते, आणि काही मिटवायचा अधिकार खालच्या कोर्टाला नसतोच. तिथे हायकोर्टात जाऊन दोघांच्या संमतीने गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. खासगी स्वरूपाच्या वादात ते करता येतं, हे ग्यान सिंग निकालापासून, म्हणजे २०१२ पासून, पक्कं आहे. पूर्वी आमच्याकडच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तेव्हा सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकाराची एक रात्र आणि लॉजचा खर्च वाचतो.

दोघं भाऊ एकाच एसटीने कोल्हापूरला गेले, एकाच वकिलाच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. गुन्हा रद्द झाला. मी दादाला म्हटलं, आदेशाची प्रमाणित नक्कल घे, तीन प्रती काढ, एक ठाण्यात दे आणि पोच घे, कारण ठाण्यातला शेरा आपोआप पुसला जात नाही. मुलाच्या पासपोर्टला नाही तर तुझ्या बंदुकीच्या परवान्याला कधीतरी लागेल.

"बंदूक कुठली साहेब," तो म्हणाला, "आधी मोजणी तरी होऊ दे."

बांधाची मोजणी अजून झालेली नाही. भूमी अभिलेखची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय.